गोळी स्नायूंची, नाडी हृदयाची

भातलावणीच्या दिवसांत नाग चावलेला माणूस रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये येतो. पापण्या मिटायला लागलेल्या, मान धरवत नाही. प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन द्यायचं ठरलं, तर त्याआधी अ‍ॅट्रोपिन टोचतात. देशातल्या सर्पदंश उपचारपद्धतीत हा क्रम पक्का आहे: प्रौढाला आधी ०.६ मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन, मग १.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मिन.

कारण साधं आहे. निओस्टिग्मिनमुळे अ‍ॅसिटिलकोलीन शरीरात जास्त वेळ टिकतं. स्नायू त्यानं हलतात, हृदय मात्र मंदावतं. ऑटो लोवींनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर हे मंदावणं दाखवलं आणि १९३६ च्या नोबेलचे ते मानकरी ठरले. अ‍ॅट्रोपिन हृदयाला त्या मंदपणापासून वाचवतं.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचा रुग्ण याच कुळातली पिरिडोस्टिग्मिनची गोळी रोज घेतो, दिवसातून अनेकदा. तिचा असर तीन-चार तासांत ओसरतो. पोटात मुरडा येणं, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं हे त्रास रुग्ण स्वतःहून सांगतो. नाडीचं तो बोलत नाही, कारण ती कुणी मोजलेलीच नसते.

बहुतेकांना ही गोळी सोसते. अडचण येते ती हृदयाच्या विद्युतवहनात आधीच दोष असला किंवा दुसरं औषध जोडीला आलं की. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, काचबिंदूसाठी टिमोलोलचे थेंब. डोळ्यात घातलेला थेंबही रक्तात उतरतो. ही दोन्ही औषधं ठोके कमी करतात, वर मायस्थेनियाही वाढवू शकतात. थकवा वाढला म्हणून रुग्ण परस्पर अर्धी गोळी वाढवतो, नाडी आणखी उतरते. मग भोवळ येते, आणि तीही आजाराच्याच खात्यावर जाते.

कोकणात हे सहज घडू शकतं. मेंदूविकारतज्ज्ञ मुंबईला किंवा कोल्हापूरला, रक्तदाबाची गोळी गावच्या डॉक्टरांची, थेंब नेत्रतपासणीतले. तीन चिठ्ठ्या तीन पिशव्यांत.

म्हणून पिरिडोस्टिग्मिन सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढावा आणि नाडी कितीवर आली की फोन करायचा, तो आकडा डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहावा. घरच्यांनी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये. गिळणं आणि श्वास तिच्यावर अवलंबून असू शकतात. पुढच्या तपासणीला जाताना तिन्ही चिठ्ठ्या आणि थेंबांची बाटली एकाच पिशवीत घालून न्यावी.