खेकडे, तकदीर आणि भुशी धरण

३० जून २०२४ चा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लोणावळ्याच्या भुशी धरणामागे डोंगरातून उतरणारा ओढा, मधोमध एक खडक आणि त्यावर एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं एक कुटुंब. चारी बाजूंनी पाणी चढतंय, काठावरून माणसं ओरडतायत. मग ती मिठी सुटते. पुण्याच्या हडपसर भागातले पाच जण गेले, एक बाई आणि चार लेकरं. लोणावळ्याचे स्वयंसेवक आणि नौदलाचे पाणबुडे त्यांना शोधायला धरणाच्या पाण्यात उतरले.

त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप येत होते. एक बाहेरून, ‘कशाला मरायला जातात पाण्यात’. आडनाव वाचून काहींनी त्यात आणखी जे मिसळलं, ते मी इथे उतरवणार नाही. दुसरा आपल्याच मोहल्ल्यातून, ‘लिखा था, टल नहीं सकता’. दोन्ही निरोप पाठवणारी माणसं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण या एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. दोघांच्याही हिशेबात तिसरा कोणी नाहीच. एकाने सगळं मेलेल्यांवर टाकलं, दुसऱ्याने अल्लाहवर. त्या पाण्याचा, त्या डोंगराचा, त्या वाटेचा बंदोबस्त ज्यांच्याकडे आहे, ते दोन्हीकडून सुटले.

भुशी धरण रेल्वेचं. इंग्रजांच्या काळात बोरघाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणीचं पाणी अडवलं. वाफेची इंजिनं गेली, धरण राहिलं. आज त्याचा खरा उपयोग एकच, पावसाळ्यात सांडव्याच्या पायऱ्यांवर बसून भिजणं. दरवर्षी ‘भुशी धरण ओव्हरफ्लो’ ही बातमी सणासारखी छापून येते आणि पुढच्या रविवारी मुंबई-पुण्याकडून गाड्यांची रांग लागते. म्हणजे इंजिनासाठी बांधलेली वास्तू आपण सहलीची जागा केली, पण सहलीच्या जागेला जी व्यवस्था लागते ती कोणी उभी केली नाही. धरण रेल्वेचं, मागचा डोंगर वनखात्याचा, गाव नगरपरिषदेचं, गर्दी पोलिसांची. आणि पाणी? पाणी कोणाचंच नाही.

अपघातानंतर आदेश निघाले. संध्याकाळी सहानंतर पर्यटनस्थळी थांबायचं नाही. अपघात भर दुपारी झाला होता, हे लक्षात घ्या. जीवरक्षक, लाइफ जॅकेट, धोक्याच्या रेषा यांचा उल्लेखही त्या सूचनांमध्ये होता, ते नाकारत नाही. पण झपाट्याने झालेली, डोळ्यांना दिसलेली कारवाई कुठली? भुशीच्या वाटेवरच्या टपऱ्या पाडल्या. चहा आणि भुट्टे विकणाऱ्यांच्या टपऱ्या! त्या बेकायदा होत्या, ठीक. पण वर्षानुवर्षं त्या ओढ्याकडे बघत बसलेली माणसं तीच होती. पाण्याचा आवाज कधी बदलतो हे त्यांना कळतं. शहाणं प्रशासन असतं तर त्यांच्यातल्या चार पोरांना शिट्टी, दोर आणि पगार देऊन काठावर उभं केलं असतं.

जरा शिक्षकासारखं बोलतो, कारण हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. सह्याद्रीचा डोंगर म्हणजे काळा खडक, वर मातीचा पातळ थर. जूनच्या अखेरीस तो थर भिजून गच्च होतो, पुढचा पाऊस मुरत नाही, सरळ घसरतो. वर माथ्यावर सर कोसळते, खाली ऊन असतं, आणि काही मिनिटांत ते पाणी खाली पोचतं. घोट्याएवढं पाणी गुडघ्याएवढं होतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणी धट्ट्याकट्ट्या माणसालाही उलथवतं, मग काखेत लेकरू असलेल्या बाईचं काय? पायाखाली शेवाळ असतं ते वेगळंच. पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की सामान, चपला, मोबाइल सगळं टाकून वर चढायचं. खडकावर थांबून राहायचं नाही.

हे सगळं ठाऊक असलेली खाती याच राज्यात आहेत. माथ्यावर एक पर्जन्यमापक, त्याला जोडलेला भोंगा आणि भोंगा वाजला की पाणी रिकामं करणारी माणसं. याला चंद्रावर जाण्याएवढं शास्त्र लागत नाही. धरणातून पाणी सोडताना नदीकाठी भोंगे वाजवायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. मग जिथे दर रविवारी हजारो माणसं मुद्दाम पाण्यात उतरतात, तिथे तो का नको?

धरणाच्या प्रकृतीचंही तेच. संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला, फार चांगलं केलं. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटी पुऱ्या झाल्या तरच. म्हणजे कायद्याने धोका मोजला तो भिंतीची उंची आणि पाण्याचा साठा बघून. पायऱ्यांवर किती माणसं बसतात, हा आकडा त्यात कुठेच नाही. लहान धरण म्हणजे लहान धोका, असा हा हिशेब. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरणही काही भाक्रा-नांगल नव्हतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी बोट ठेवलं खेकड्यांवर. खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणे! महाराष्ट्र तेव्हा हसला. पण तिवऱ्यात खेकडा दोषी आणि भुशीला वाहून गेलेली आई दोषी, या दोन वाक्यांत मला तरी फरक दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, कित्येक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता, असं सांगण्यात आलं. मला या फलकांची भाषा ओळखीची आहे. आम्ही शाळेची सहल काढतो तेव्हा पालकांकडून एक संमतिपत्र भरून घेतो. त्यात शेवटची ओळ असते, काही अनुचित घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. मीही ती ओळ वर्षानुवर्षं वाटली आहे, आणि शिवणकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या आईबापांनी न वाचता तिच्याखाली सही केली आहे. ती ओळ मुलांना वाचवण्यासाठी नसते, आम्हाला वाचवण्यासाठी असते. धोक्याचा फलक लावून निघून जाणारं खातं त्याहून वेगळं काय करतं?

आता थोडं घरातलं. ज्यांनी ‘लिखा था’ लिहिलं, त्यांना मी विचारलं, उंट बांधायचा की मोकळा सोडायचा, या प्रश्नावर रसूलुल्लाहांनी काय सांगितलं? आधी बांध, मग तवक्कुल कर. मदरशातलं पोरही हे सांगेल. मग उंट बांधण्याचं काम ज्याला नेमून दिलंय, त्याने तो बांधला नाही, तर त्याला जाब विचारणं ही तकदीरवरची शंका कशी? हुकूमत ही अमानत आहे, असं आपण जुम्याला ऐकतो. शनिवारी विसरतो. मय्यतीला आपली हजार माणसं जमतात, कचेरीत अर्ज घेऊन जायला तीनही मिळत नाहीत.

आणि फिरायला जायचंच नाही, हेही मला मान्य नाही. दोन खोल्यांत आठ माणसं राहतात त्या वस्तीतल्या बाईला वर्षातून एक दिवस डोंगर आणि पाणी बघावंसं वाटतं, यात गुन्हा काय? रिसॉर्टचा तलाव तिला परवडत नाही. तिच्यासाठी भुशीच आहे. म्हणून तर भुशी सुरक्षित हवं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. एक अर्ज रेल्वेला, एक वनखात्याला, एक नगरपरिषदेला. रेल्वेला विचारायचं: भुशी धरणाची शेवटची तपासणी कधी झाली, तिचा अहवाल द्या, आणि २०२१ च्या कायद्यात हे धरण बसतं की नाही ते लेखी सांगा. बाकी दोघांना: ओढ्यावर जीवरक्षक किती, कोणत्या वेळेत, पगार कोणाकडून, वरचा पाऊस खाली कळवायची सोय काय. हे अर्ज मेमध्ये जायला हवेत, तीस दिवसांत उत्तर येतं. मसुदा मी मराठीत आणि उर्दूत तयार करून ठेवतो, ज्यांना हवा त्यांनी मागून घ्यावा.