दोन महिने पिल्लू आईजवळ राहू द्या

भाद्रपदात गल्लीबोळांत कुत्र्यांच्या झुंडी फिरतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. कुत्रीचे दिवस साधारण 63 असतात. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे परभणीच्या वसाहतींत, जिंतूर-सेलूच्या आखाड्यांवर आणि गंगाखेड-पालमच्या वाड्या-तांड्यांवर कुठे ना कुठे कुत्री व्यालेली असते. कडब्याच्या गंजीखाली, बंद दुकानाच्या पायरीआड, सोयाबीनच्या भुसाच्या ढिगाजवळ पाच-सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडलेली दिसतात. डोळे उघडले की लेकरं त्यांच्याभोवती जमतात. मग कुणी तरी एक पिल्लू उचलतो, शर्टात घालतो आणि घरी नेतो. त्या वेळी ते जेमतेम वीस-पंचवीस दिवसांचं असतं.

हे आवाहन त्या उचलणाऱ्यांसाठी आहे. पिल्लू जरूर आणा, पण दोन महिन्यांचं झाल्यावर आणा. आठवड्यांत सांगायचं तर आठ आठवडे पुरे होऊ द्या. जन्माची तिथी लक्षात ठेवा आणि दोन महिन्यांनी तीच तिथी आली की घेऊन या, म्हणजे 59 दिवस होतात आणि हिशेब बरोबर बसतो. दिवाळीत जन्मलेलं पिल्लू संक्रांतीला घरी आणायला योग्य वयाचं असतं.

आपल्याकडे समजूत नेमकी उलट आहे. जितकं लहान आणावं तितका लळा जास्त लागतो, मोठं झालं की आईची सवय सुटत नाही, असं म्हणतात. ही समजूत तपासून झालेली आहे. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षं पाळून अभ्यास केला आणि 1965 साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणसांशी, इतर कुत्र्यांशी जुळवून घ्यायला पिल्लू सर्वांत तयार असतं ते तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत, असं त्यांना दिसलं. म्हणजे आठव्या आठवड्यात आणलं तरी लळा लागायला महिनाभर हातात असतो. पंचविसाव्या दिवशी आणून तुमचा फायदा काहीच होत नाही, पिल्लाचं मात्र नुकसान होतं.

ते कसं, हे पाहायचं असेल तर पाच-सहा आठवड्यांची पिल्लं खेळत असताना दहा मिनिटं बाजूला बसा. एक पिल्लू दुसऱ्याचा कान धरतं. या वयातले दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. पहिलं थोडा वेळ एकटंच बसतं, पुन्हा जातं, या वेळी कान हळू धरतं आणि खेळ चालू राहतो. आईच्या आचळाला दात लागला की ती गुरगुरते, उठून निघून जाते. किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं, हे पिल्लू असं शिकतं. तीन आठवड्यांचं असताना आईपासून तोडलेल्या पिल्लाला ही शिकवण मिळत नाही. पुढे ते खेळता खेळता लेकरांच्या हाताचे लचके काढतं, ताटलीजवळ गेलं की अंगावर येतं, एकटं राहिलं की रडून घर डोक्यावर घेतं. मग आपण म्हणतो, कुत्रं वाईट निघालं.

दुसरं कारण तब्येतीचं. गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजायला आपण विसरत नाही. पिल्लालाही आईच्या पहिल्या दुधातूनच रोगांशी लढायचं बळ मिळतं. हे बळ सहाव्या आठवड्यापासून कमी होऊ लागतं आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक संपतं. ते अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ते संपल्यावर लस नसेल तर पिल्लू उघडं पडतं. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा देतात. एकदा टोचलं, झालं, असं समजू नका. अर्धवट लसीकरण झालेली पिल्लंही पार्वोने जातात.

पार्वो हा पिल्लांचा काळ आहे. पिल्लू आदल्या दिवशी उड्या मारत असतं, दुसऱ्या दिवशी खात नाही, उलट्या करतं, मग रक्ताची, घाण वासाची हगवण लागते. अंगातलं पाणी गेलं की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. हे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात. घरात आधीचं कुत्रं पार्वोने गेलं असेल तर त्याच अंगणात, त्याच पोत्यावर लस न टोचलेलं नवं पिल्लू आणू नका. जुनं पोतं जाळा, फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा. डिस्टेंपर हा दुसरा रोग. त्यात ताप येतो, डोळ्यांतून-नाकातून पू येतो आणि पुढे झटके येतात. दोन्ही रोगांची लस मिळते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला आणि मोठ्या गावांत सरकारी जनावरांचे दवाखाने आहेत. तिथे लस नसली तर ती कुठून आणायची, हे डॉक्टर सांगतात.

जंतांचंही असंच आहे. काही जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात येतात, काही दुधातून येतात. ज्याला आपण गुटगुटीत म्हणतो ते पोट पुष्कळदा जंतांनी फुगलेलं असतं. पाय काड्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं दिसलं तर समजून जा. जंतांचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून देतात, दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांपर्यंत. वजनावर मात्रा ठरते, म्हणून माणसाची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. हे जंत लेकरांनाही बाधतात, तेव्हा पिल्लाशी खेळून झालं की हात साबणाने धुवायची सवय लावा.

तिसरं कारण आपल्या हवेचं. दिवाळीनंतर परभणीत थंडी वाढते, पारा दहाच्या खाली जातो. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला अंगाची ऊब स्वतःहून नीट राखता येत नाही. आई आणि भावंडं हीच त्याची गोधडी. ते एकटं अंगणात बांधलं की रात्रभर कुडकुडतं. सकाळी त्याच्यापुढे गाईच्या थंड दुधाचं भगुणं ठेवतात. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कितीतरी जास्त असतात, साखर कमी असते. एकदम गाईचं दूध पाजलं की पिल्लाला ढाळ लागते आणि आधीच अशक्त जीव आणखी खचतो.

विकत घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. आता तालुक्याच्या गावीही लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन मिळतात. महिन्याच्या पिल्लाला ‘दीड महिन्याचं आहे, घेऊन जा’ असं सांगून विकतात. कारण साधं आहे. चौथ्या आठवड्यानंतर पिल्लं खायला लागतात, मग खाण्याचा, औषधाचा आणि पहिल्या लसीचा खर्च विकणाऱ्यावर पडतो. लवकर विकलं की तो तुमच्यावर येतो. पण आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम 1960 खाली केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले, त्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा ‘आठ आठवडे होऊ द्या, मग नेतो’ म्हणताना संकोच करू नका. विसार द्या, पिल्लू ठरवून ठेवा.

वय ओळखायचं असेल तर तोंड उघडून पाहा. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि आठ आठवड्यांच्या सुमारास सगळे 28 आलेले असतात. मागच्या दाढा अजून फुटायच्या असतील तर पिल्लू लहान आहे. चालताना डुलतं का, हेही बघा. आठ आठवड्यांचं पिल्लू नीट पळतं, हाक मारली की मान वळवतं, स्वतः खातं. आईलाही पाहा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. कान धरून उचलायचं आणि केकाटलं नाही तर जातिवंत समजायचं, हा प्रकार बंद करा. नखं मोजूनही काही कळत नाही. आई लोकांजवळ शांत असेल, पिल्लाचे डोळे स्वच्छ असतील, शेपटीखाली घाण लागलेली नसेल आणि ते आपणहून तुमच्याकडे येत असेल, तर ते निवडा.

गल्लीतली किंवा आखाड्यावरची कुत्री असेल तर काम आणखी सोपं आहे, कारण पिल्लू रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे. त्या आईला दोन महिने भाकरी टाका, पाणी ठेवा, वाऱ्याच्या आडोशाला तरटाचं पोतं अंथरा. आईला पोटभर मिळालं तर पिल्लांना दूध मिळतं. तिसऱ्या आठवड्यानंतर रोज थोडा वेळ जवळ बसा, आईला चालत असेल तर पिल्लू हातात घ्या, परत ठेवा. दोन महिन्यांनी ते तुमच्या मागे चालत घरी येईल. फक्त नर पिल्लं निवडून माद्या उकिरड्यावर सोडायची रीतही सोडा. मादी राखणीला नरापेक्षा कमी नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदी करून घेतली की दर भाद्रपदाची काळजी मिटते.

अपवाद एकच. आई गाडीखाली गेली किंवा पिल्लांना सोडून गेली, तर थांबण्यात अर्थ नाही. तेव्हाही जमलं तर दोन भावंडं एकत्र ठेवा, आधी ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाजताना पिल्लू उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं.

घरी आणायच्या दिवशी आईच्या वासाचं एखादं फडकं सोबत घ्या. मोटारसायकलच्या हँडलला पिशवी लटकवून आणू नका, मागे बसणाऱ्याने मांडीवर खोक्यात धरावं. पहिले काही दिवस आधीचंच खाणं द्या, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. नुसत्या दूध-भाकरीवर वाढ होत नाही. उकडलेलं अंडं, भात, दही, शिजवलेलं बिनहाडाचं मांस द्या, तिखट-मीठ नको. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे. पहिल्या रात्री रडेल, तेव्हा खोकं तुमच्या बाजेजवळ ठेवा. लसी पूर्ण होईपर्यंत उकिरड्यावर, इतर कुत्र्यांच्या जागी सोडू नका, पण कडेवर घेऊन ट्रॅक्टर, बैल, शेळ्या, मळणी यंत्र, पाहुणे सगळं दाखवा. बाराव्या आठवड्यापर्यंत जे पाहिलं त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही.

रेबीजबद्दल लेकरांना समोर बसवून सांगा. पिल्लू चावलं तर काही होत नाही, ही समजूत जीव घेते. 2025 साली उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूने नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढलं. त्याच्या बोटाला पिल्लाचा दात लागला. जखम किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही आणि तो रेबीजने गेला. भटकं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत मिळते, आणि सांगितलेले सगळे डोस पुरे करा. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास नसतोच.

पिल्लू आणलं की त्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात न्या, कार्ड करून घ्या. तीन महिने झाले की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी वर्षाला. आणि आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. कंटाळा आला म्हणून उपाशी मरायला दूर सोडून येणं हा त्याच 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. तेवढी वर्षं सांभाळायची तयारी नसेल तर पिल्लू आणूच नका. तयारी असेल तर दोन महिने थांबा.