सांभाळणाऱ्याचे तास

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात आपत्तींची आठवण मृतांच्या आकड्यांनी निघते. २०१६ चा सावित्री नदीवरचा कोसळलेला पूल, २०२० ची महाडमधली कोसळलेली इमारत, २०२१ ची तळियेची दरड, २०२३ चा औद्योगिक वसाहतीतला स्फोट. जे वाचले, पण पुढे कायम कुणाच्या तरी आधारावर राहिले, त्यांची मोजदाद मात्र मागे पडते. त्यांच्याखेरीज महामार्गावरच्या अपघातात कणा मोडलेले आणि लकव्याने चाळिशीत अंथरुणाला खिळलेले लोकही गावोगावी आहेत.

अशा माणसाला औषधांपेक्षा रोजच्या मदतीची गरज अधिक असते. कमरेखालची संवेदना गेलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर त्वचेवर दाब येऊन जखमा होतात आणि त्या चिघळल्या की जिवावर बेततात. अंघोळ, शौच, भरवणे ही कामेही रोजचीच. या सगळ्याला दीर्घकालीन काळजी म्हणतात. वृद्धांबाबत तिची थोडीफार चर्चा होते. कमावत्या वयात ती लागली, तर घरातला एक पगार थांबतो आणि दुसरे माणूसही घरात अडकते.

ही काळजी किती जणांना मिळते, हे देशपातळीवर विचारले गेले आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८ च्या ७६ व्या फेरीत ६२.१ टक्के दिव्यांगांना सांभाळणारे कुणीतरी होते, ३७.७ टक्क्यांना तशी गरज नव्हती आणि गरज असून कुणी नव्हते असे फक्त ०.३ टक्के निघाले. वरवर पाहता प्रश्न जवळपास सुटलेलाच दिसतो.

खोट मोजण्याच्या पद्धतीत आहे. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत मुलगे मुंबईला नोकरीला आहेत आणि सून किंवा सत्तरीची आई रुग्णाला उचलते आहे, तरी ते घर ‘सांभाळणारे आहे’ या रकान्यात जाते. ती किती तास राबते, भातलावणीच्या दिवसांत त्याच्याजवळ कोण थांबते, ती स्वतः आजारी पडली तर काय, यांतले काहीच त्या उत्तरात उमटत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. मुलांचे संगोपनही त्यात धरलेले आहे, तरी भार कुणावर आहे हे त्यातून कळते.

दुसरी अडचण दाखल्याची. त्याच ७६ व्या फेरीत दिव्यांगत्वाचा दाखला २८.८ टक्क्यांकडेच होता. दाखल्यासाठी तपासणी होते ते अलिबागचे जिल्हा रुग्णालय पोलादपूरहून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. ज्याला बसताही येत नाही, त्याला तिथे नेण्याचे गाडीभाडे ही त्या घरासाठी मोठीच रक्कम असते. म्हणजे ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच नोंदीबाहेर राहण्याची शक्यता जास्त.

दाखला मिळाल्यावरही मदत काळजीच्या प्रमाणात मिळत नाही. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना दरमहा ३०० रुपये आहे. संजय गांधी निराधार योजनेतून राज्य त्याहून बरेच अधिक देते. पण दिवसातून तासभर मदत लागणारा आणि चोवीस तास लागणारा, दोघांना रक्कम सारखीच. खरे तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे. कलम ३८ नुसार त्या गरजेची तपासणी मंडळाकडून होऊ शकते.

गरजेची मोजणी वेगळ्या पद्धतीनेही होऊ शकते. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदा काळजीच्या मदतीसाठी आलेल्या १८ ते ६४ वयोगटातल्या नव्या मागण्या वेगळ्या नोंदवतात आणि प्रत्येक मागणीचे पुढे काय झाले हेही लिहितात. काहीच सेवा न मिळालेले अर्जही त्यात दिसतात. आपल्याकडे नमुना सर्वेक्षणाचे अंदाज तालुक्यापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून मोजणी गावातूनच सुरू व्हायला हवी असे आमचे मत आहे. आशा ताई घरोघरी जातातच. या जादा कामाचा वेगळा मोबदला देऊन त्यांच्या वहीत पाच प्रश्न घालावेत: कोणत्या कामाला मदत लागते, रोज किती तास, ती कोण करते, त्यासाठी कुणी रोजगार सोडला का, आणि ते माणूस आठवडाभर नसेल तर कोण येईल. शेवटचे दोन प्रश्न थेट सांभाळणाऱ्या बाईलाच विचारावेत, घरातल्या कर्त्या पुरुषाला नव्हे. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. तो कुठे लावायचा, हे ठरवायला ही वही ग्रामसभेत उघडता येईल.