सदोष घड्याळांची चढी किंमत

१९९० च्या दशकाच्या मध्यास रोलेक्स कंपनीच्या डेटोना या पोलादी घड्याळांपैकी काहींच्या तबकडीवर जे रोगण चढविले गेले, ते आतल्या लहान वर्तुळांच्या रुपेरी कड्यांचे पुरेसे रक्षण करू शकले नाही. कडी काळवंडून तपकिरी झाली. सदोष माल म्हणून ही घड्याळे स्वस्त व्हावयास हवी होती. परंतु लिलावदार ओस्वाल्दो पात्रिझी यांनी या रंगबदलाकडे लक्ष वेधले, तबकडीला त्यांचेच नाव चिकटले आणि निर्दोष घड्याळापेक्षा सदोष घड्याळाला अधिक किंमत येऊ लागली. मालकाने हौसेने नवी तबकडी बसवून घेतली, तर ती वाढीव किंमत नाहीशी होते!

अर्थात दोष तबकडीवरचा हवा, यंत्रातला नव्हे. वेळ चुकविणाऱ्या घड्याळाचे कौतुक श्रीमंतही करीत नाहीत. शिवाय तो थोड्याच नगांत असावा व कारखान्याने पुढे सुधारलेला असावा, म्हणजे पुरवठा कायमचा गोठतो. दुर्मीळ पुतळे, चित्रे, नाणी यांचे मूल्य श्रमावर नव्हे, तर घेणाऱ्याच्या संपत्तीवर व हौशीवर ठरते, हे रिकार्डोने १८१७ सालीच मान्य केले होते. एकूण मालात त्यांचे प्रमाण अत्यल्प, म्हणून त्याने त्यांना आपल्या विवेचनातून वगळले. त्या वगळलेल्या कोपऱ्यात आज कोट्यवधींची उलाढाल चालते.

आणि दुर्मीळता बनवताही येते. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात काळ्याची तपकिरी झालेली तबकडी असलेले एक जुने ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले; अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजारांचा. घेणारे ओमेगाचेच संग्रहालय! २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले की, ते घड्याळ निरनिराळे भाग जुळवून उभे केलेले असून त्या व्यवहारात तिच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जेथे डागाला दाम मिळतो, तेथे डाग पाडणारे निपजणारच.

कामगाराच्या हातून नग बिघडला की नुकसान त्याच्या नावावर मांडले जाते. तोच नग पुढे लिलावात चढला, तर त्या वाढीत त्याचा वाटा शून्य. चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा देणारा कायदा फ्रान्सने १९२० साली केला. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने तशी तरतूद आली. तबकडी घडविणाऱ्या हातांना, निदान त्यांच्या निवृत्तिवेतन निधीला, असा वाटा का नसावा, हे कामगार संघटनांनी विचारावयास हरकत नाही.