पोरींच्या पैशांचा हिशेब

सिनेमाच्या धंद्यात एक समजूत फार वर्षे चालत आली आहे. मुलांसाठी काढलेला चित्रपट मुलीही बघतात. मुलींसाठी काढलेला मात्र मुले बघत नाहीत. तेव्हा पैसा घालायचा तर मुलांच्या चित्रपटात घालावा. हॉलिवुडमध्ये हे कुणी भिंतीवर लिहून ठेवले नव्हते, पण अंदाजपत्रके त्यावरून ठरत. २००८ साली ‘ट्वायलाइट’ या चित्रपटाने या समजुतीला मोठे भगदाड पाडले. तो ज्या कादंबरीवरून निघाला तिला २०२५ मध्ये वीस वर्षे झाली. ती वाचताना रात्र रात्र जागलेल्या मुली आता तिशी ओलांडून नोकरीला, संसाराला लागल्या आहेत. त्यामुळे या प्रकरणाचा जमाखर्च शांतपणे मांडता येतो. मी कादंबऱ्या लिहिते आणि त्याबरोबर तीस वर्षे बँकेत अधिकारी होते. इथे दोन्ही वह्या उघडाव्या लागतील.

ज्यांच्या घरात तेव्हा हे पुस्तक शिरले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी, आईवडील विभक्त. ॲरिझोनातले ऊन सोडून ती वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या सदा पावसात भिजलेल्या गावी वडिलांकडे राहायला येते. तिच्या वर्गात एडवर्ड कलन नावाचा देखणा, फिकट, अबोल मुलगा आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता त्याचा व्हॅम्पायर झाला, आणि वय सतरावरच थांबले. त्याचे कुटुंब माणसाला हात न लावता जनावरांच्या रक्तावर भागवते. बेलाच्या रक्ताची त्याला अनावर ओढ, आणि प्रेमही तिच्यावरच. ज्याच्यापासून जिवाला धोका तोच जिवाला जपणारा! चारशे-पाचशे पाने या एका पेचावर चालतात.

व्हॅम्पायर मराठी वाचकाला परका नाही. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून नारायण धारपांनी ‘लुचाई’ लिहिली, आणि ती वाचून आमच्या पिढीतल्या अनेकांनी रात्री खिडक्या लावून घेतल्या. त्याच किंगने २००९ मध्ये ‘ट्वायलाइट’च्या लेखिकेला, स्टेफनी मेयर यांना, चांगले लिहिता येत नाही असे मुलाखतीत सांगून टाकले. भाषेपुरते त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. एडवर्ड देखणा आहे हे बाई इतक्या वेळा सांगतात की आपण पाने उलटू लागतो. पण एक गोष्ट त्यांना अचूक साधली आहे. किंगच्या वाचकाला भीती वाटते ती तो येईल याची. मेयर यांच्या वाचक मुलीला भीती वाटते ती तो येणार नाही याची. सोळाव्या वर्षाचे मन ज्याला आठवते त्याला ही दुसरी भीती किती खरी असते ते वेगळे सांगायला नको.

मेयर या ॲरिझोनातल्या तीन लहान मुलांच्या आई. इंग्रजी साहित्याची पदवी होती, पण छापून काही आलेले नव्हते. जून २००३ मध्ये पडलेल्या एका स्वप्नावरून त्यांनी लिहायला घेतले आणि तीन महिन्यांत कादंबरी पुरी केली. ऑक्टोबर २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चित्रपटाचे हक्क मात्र त्याआधीच, २००४ मध्ये, पॅरामाउंटच्या एमटीव्ही फिल्म्सने बांधून ठेवले होते. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो तसाच हा प्रकार. थोडी रक्कम द्यायची, मुदत ठरवायची, आणि त्या मुदतीत खरेदी करायची की नाही याचा हक्क आपल्याकडे ठेवायचा.

इसार देऊन त्यांनी पटकथा लिहून घेतली. तिच्यात बेला शर्यती गाजवणारी धावपटू झाली होती, एफबीआय आली होती, पाठलाग आले होते. कादंबरीतली, सपाट जमिनीवरही अडखळून पडणारी मुलगी कुठे राहिलीच नव्हती. यात मूर्खपणा नव्हता, हिशेब होता. मुलांनी तिकीट काढावे म्हणून ही सारी सोय. मुलींच्या पुस्तकाला मुलांचा जामीनदार हवा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मुदत संपली आणि हक्क सुटले.

इथे मला आमच्या शाखेतले दिवस आठवतात. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, त्यानंतरची काही वर्षे. बायकांच्या गटांचे प्रस्ताव वर गेले की एकाच शेऱ्यासह परत येत: तारण काय? जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. दर आठवड्याला न चुकता पैसे टाकणाऱ्या पंधरा-वीस बायकांची वही पुढे ठेवली तरी ती तारणात मोडत नसे. ट्रॅक्टरवाल्याची फाईल मात्र सरळ पुढे सरके. तो हप्ते थकवील की नाही हा प्रश्न नंतरचा. हॉलिवुडचे त्या काळचे निर्णय वाचताना ते शेरे माझ्या डोळ्यांपुढे येतात. पुस्तक हातोहात खपते आहे, मुली एकमेकींना ते वाचायला देत आहेत, पुढच्या भागासाठी दुकानांपुढे रांगा लागत आहेत. वही तर समोरच होती.

ती वही वाचली समिट एंटरटेनमेंट या कंपनीने. परदेशी वितरणात मुरलेली, पण स्टुडिओ म्हणून अगदी नवी अशी ही कंपनी. मेयर यांनी आपल्या अटींची यादीच पुढे ठेवली. व्हॅम्पायरना सुळे नकोत, कलन कुटुंबातली माणसे पुस्तकातल्याच नावांनी असावीत, असल्या त्या अटी. समिटने त्या मान्य केल्या. मेलिसा रोझेनबर्ग यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या लेखकांच्या संपाआधी घाईघाईने पटकथा पुरी केली. अंदाजपत्रक होते ३ कोटी ७० लाख डॉलरचे. आपल्याला ही रक्कम डोळे फिरवणारी वाटते, पण त्याच वर्षीच्या बॅटमनच्या ‘द डार्क नाइट’वर १८ कोटी ५० लाख डॉलर लागले होते. हॅरी पॉटरचा सहावा चित्रपट नोव्हेंबर २००८ मधून पुढच्या जुलैत ढकलला गेला तेव्हा समिटने डिसेंबरची तारीख मागे घेऊन २१ नोव्हेंबर पकडली. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत गल्ला जमला ६ कोटी ९६ लाख डॉलरचा. जगभरात मिळून तो सुमारे ४० कोटींवर गेला. यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा, हे धरूनही असा परतावा देणारा प्रस्ताव रोज टेबलावर येत नाही.

दिग्दर्शिका होत्या कॅथरीन हार्डविक. मुळात त्या कलादिग्दर्शक. २००३ मध्ये त्यांनी ‘थर्टीन’ हा पहिला चित्रपट केला आणि त्याची पटकथा तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या निकी रीड या मुलीबरोबर बसून लिहिली. मुलींच्या मनात काय चालते हे मुलींनाच विचारायचे, ही त्यांची रीत. ‘ट्वायलाइट’मध्ये ती कामी आली. कादंबरी बेला स्वतः सांगते. कादंबरीकाराला ‘मी’ लिहिले की काम झाले; कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो बेलालाही बाहेरूनच पाहणार. पडद्यामागून तिचा आवाज ऐकवला तरी तो पुरत नाही. हार्डविकबाईंनी यावर जो तोडगा काढला तो अगदी साधा होता. पडद्यावर नायिका जशी न्याहाळली जाते तसा त्यांनी नायक न्याहाळला. शाळेच्या जेवणघराच्या दारातून रॉबर्ट पॅटिन्सन आत येतो तेव्हा कॅमेरा आणि बेला यांची नजर एक झालेली असते. क्रिस्टन स्ट्युअर्टने बेला केली ती थोडी घुसमटलेली, वाक्य अर्ध्यावर सोडणारी. तिला काही येत नाही म्हणून समीक्षक हसले. त्या वयाच्या मुली वाक्ये कुठे पुरी करतात? सगळा चित्रपट निळसर-हिरव्या ओल्या रंगात बुडवलेला आहे. तो फार थोर कलाकृती आहे असे मी म्हणणार नाही. एडवर्ड उन्हात चमचमतो तो प्रसंग पाहून मलाही हसू आले. पण पुस्तकाचा डोळा त्यात शाबूत राहिला, आणि रूपांतरात तोच आधी जातो हे माझा अनुभव सांगतो.

आता घरातल्या मोठ्यांना छळणारा प्रश्न. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो. तिला हे कळते तेव्हा ती घाबरत नाही, सुखावते. पुस्तकात आपण तिच्या मनात असल्याने हे चटकन गिळले जाते. पडद्यावर अंधारात उभा असलेला माणूस दिसतो आणि अंगावर काटा येतो. तेव्हा माझी भाची शाळेत होती, चारही भाग कोळून प्यायलेली. मी तिला विचारले, “असा कुणी तुझ्या खोलीत आला तर?” ती म्हणाली, “मावशी, खरा मुलगा आला तर मी बाबांना हाक मारीन. हा पुस्तकातला आहे.” उत्तर चोख होते आणि बहुतेक मुलींचे तसेच असावे. तरीही तिसऱ्या भागात बेलाने मित्राकडे जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो, ते मला तेव्हाही खपले नाही, आजही खपत नाही. काळजीच्या नावाखाली घातलेला अडसर आमच्या पिढीतल्या बायकांनी पुष्कळ पाहिला आहे. हे पुस्तक मुलीच्या हातून काढून घ्यावे असे मी कुणाला सांगणार नाही, पण या प्रसंगाबद्दल तिच्याशी बोलावे जरूर.

मात्र त्या काळी जी टिंगल झाली ती या कारणासाठी नव्हे. टिंगल झाली ती मुली किंचाळतात म्हणून. फुटबॉलच्या मैदानावर पोरे गळा फाडून ओरडतात त्याला उत्साह म्हणतात. शेवटच्या भागाला वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचे ‘रॅझी’ मिळाले. पुढे स्ट्युअर्टला फ्रान्सचा सेझार मिळाला, ऑस्करचे नामांकन मिळाले. पॅटिन्सन स्वतः बॅटमन झाला. त्या मुलींनी माणसे ओळखण्यात फारशी गफलत केली नव्हती.

राहिला वाटणीचा प्रश्न. दुसऱ्या भागापासून हार्डविक नाहीत. वेळापत्रक जुळत नाही असे समिटने जाहीर केले, आणि तयारीला वेळ अपुरा होता असे त्यांचेही सांगणे आहे. तेव्हा त्यांना हाकलले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण उरलेले चारही भाग पुरुषांनी दिग्दर्शित केले. पाच भागांचा जागतिक गल्ला ३३० कोटी डॉलरच्या पुढे गेला, आणि जानेवारी २०१२ मध्ये लायन्सगेटने समिट विकत घेतली ती ४१ कोटी २५ लाख डॉलरना. अशा यशानंतर दिग्दर्शकाला मोटार मिळाल्याच्या कहाण्या तिकडे ऐकू येतात. आपल्याला एक छोटा कपकेक मिळाला, असे हार्डविक यांनी सांगितले आहे.

त्याहून मोठी थकबाकी दुसरीकडे आहे. मेयर यांनी फोर्क्स निवडले ते सर्वांत जास्त पावसाचे गाव इंटरनेटवर शोधून. लिहिताना त्यांनी ते पाहिलेही नव्हते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या कोकणाइतका, फक्त चार महिन्यांत न आटोपता बारमाही. लाकूडतोडीवर जगणारे हे गाव. तो धंदा बसल्यावर त्याला या पुस्तकाने पर्यटक दिले. बेलाच्या वाढदिवसाला, १३ सप्टेंबरच्या सुमारास, तिथे उत्सव भरतो. गंमत म्हणजे चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण शेजारच्या ओरेगनमध्ये झाले!

फोर्क्सच्या पश्चिमेला समुद्रकाठी ला पुश इथे क्विल्यूट ही आदिवासी जमात राहते, सुमारे एक चौरस मैलाच्या राखीव जमिनीवर. आपले पूर्वज लांडग्यांपासून घडवले गेले अशी त्यांची परंपरागत कथा आहे. मेयर यांनी जमातीचे खरे नाव घेतले, कथेचा धागा उचलला, आणि जेकब ब्लॅक व त्याचे मित्र लांडगे होतात अशी आपली कथा त्यावर रचली. व्हॅम्पायरशी वैर वगैरे सगळे बाईंच्या कल्पनेतले. जेकबच्या नावाने अंगरखे, दागिने, बाहुल्या विकल्या गेल्या. जमातीला या व्यवहारात मोबदला मिळाला नाही, हे सिएटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या सहकार्याने केलेल्या माहितीत स्पष्ट म्हटले आहे. याच लोकांची २६ घरे १८८९ मध्ये एका वसाहतवाल्याने ती माणसे मजुरीला गेलेली असताना जाळली होती. चित्रपट जगभर चालत होता तेव्हा त्यांच्या मुलांची शाळा त्सुनामीच्या पट्ट्यात, अगदी समुद्राच्या तोंडाशी होती. उंचावरची जमीन मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. २०१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ती दिली, आणि २०२२ मध्ये शाळा टेकडीवर गेली. पर्यटकांची वर्दळ त्यांच्या गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधायला उपयोगी पडली असेल. पण गाजावाजा कामी येणे वेगळे आणि हक्काचा हप्ता खात्यात जमा होणे वेगळे.

मेयर यांनी हीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून पुन्हा सांगितली. ती ‘मिडनाइट सन’ ऑगस्ट २०२० मध्ये आली, आणि तिच्यावरून ॲनिमेशन मालिका करण्याचे नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये जाहीर केले. या वेळी सांगणारा तो आहे. जेवणघराच्या दाराकडे पाहणारी मुलगी आता त्याला दिसणार.