बेसचा डबा

आपल्यासारख्या शनिवार-रविवारच्या बेसिस्ट लोकांचं एक गणित मला कधीच कळलेलं नाही. गिटारवर साठ-सत्तर हजार सहज जातात. मग पेडल्स. मग तारा कुठल्या, पिकअप कुठला यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये तासभर काथ्याकूट. आणि हा सगळा ऐवज शेवटी लावायचा कशाला, तर प्रॅक्टिस रूमच्या कोपऱ्यात पडलेल्या, कुणीतरी कधीतरी घेतलेल्या एका खोक्याला. ड्रमर तापला की बेस गायब! त्यावर उपाय काय? तर अजून मोठा अँप घेऊ...

माझं मत सरळ सांगतो, पटलं नाही तर भांडू. बेस वाजवणाऱ्याने आयुष्यात एक तरी कॅबिनेट स्वतः बनवावं. पैसे वाचतात म्हणून नव्हे. (पहिल्या डब्यात फारसे वाचतही नाहीत. चांगला ड्रायव्हर महाग असतो आणि जिगसॉ, क्लॅम्प वगैरेंचा मोह आवरत नाही.) बनवावं ते अशासाठी, की विकतच्या डब्यावर छापलेले आकडे आपल्याला नेमके कुठे गंडवतात, हे त्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

वॅटचंच बघा. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. आता ड्रायव्हरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. ९७ वाला ड्रायव्हर १०० वॅटमध्ये जे करतो, ते करायला ९१ वाल्याला ४०० वॅट लागतात. तरी दुकानात जाऊन आपण विचारतो काय, तर "किती वॅटचा आहे?" स्वयंपाक कसा झालाय हे न विचारता सिलिंडर किती किलोचा आहे ते विचारण्यासारखं झालं हे.

याच चुकीतून आपल्याकडचा एक लाडका जुगाड जन्माला आला आहे: गाडीचा सबवूफर आणायचा, खोक्यात बसवायचा आणि त्याला बेस कॅबिनेट म्हणायचं. माझा याला ठाम विरोध आहे. गाडीचा सबवूफर बंद गाडीत, छोट्या जागेत खोल आवाज काढण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा कोन जड, सेन्सिटिव्हिटी कमी, आणि वरच्या सुरांच्या नावाने बोंब. बेस गिटारचा सूर ओळखू येतो तो मात्र वरच्याच भागात, बोटाच्या आघातात आणि हार्मोनिक्समध्ये. सबवूफरवर वाजवलं की शेजारच्या इमारतीत पायलिंगचं काम चालू असल्यासारखं वाटतं. धडधड भरपूर, पण कुठला सूर लागला ते देवाला ठाऊक.

इथे थोडा इतिहास. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्या वर्षी त्यासाठी बेसमन अँप. पण मोठ्या स्टेजवर बेसला खरा आवाज मिळाला तो १९६९ मध्ये अँपेगच्या एसव्हीटीबरोबर. ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अँप आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचा, चारी बाजूंनी बंद डबा. लोक त्याला प्रेमाने 'फ्रिज' म्हणतात. आजच्या ८१०ई मॉडेलचं वजन आहे सुमारे ६३ किलो. गंमत अशी, की हा एवढा दांडगा डबा ५८ हर्ट्झच्या खाली ढेपाळायला लागतो आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने पडलेला असतो. बेसची सगळ्यात खालची ई तार मात्र ४१ हर्ट्झची! तरी तो खोल ऐकू येतो, कारण ८२, १२३ असे वरचे हार्मोनिक्स मिळाले की मूळ सूर आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणून 'माझा डबा ३० हर्ट्झपर्यंत जातो' असं कुणी म्हणालं की मी फारसा हुरळत नाही. चार तारांच्या बेसला ते लागत नाही आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

ही किंमत म्हणजे हॉफमनचा 'पोलादी नियम'. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीतला 'एच' तो हाच. खोल बेस, छोटा डबा आणि चांगली सेन्सिटिव्हिटी, या तिनातल्या कुठल्याही दोनच मिळतील. प्रोजेक्ट मॅनेजरला 'लवकर, स्वस्त, चांगलं' समजावताना आपण जे करतो, तेच इथे फिजिक्स आपल्याला करतं. फरक इतकाच, की फिजिक्स एस्कलेशनला भीक घालत नाही :)

आता प्रत्यक्ष बनवण्याबद्दल. आपल्याकडे स्पीकरची खोकी बनवणारे कारागीर भरपूर आहेत. गणपतीतल्या मिरवणुकींतल्या त्या भिंती कुणीतरी बनवतंच ना! त्या आवाजाबद्दल माझं मत वाईट आहे, पण सुतारकामाबद्दल नाही. सांधे असे घट्ट, की ट्रकमधून हजार किलोमीटर गेले तरी हलत नाहीत. गडबड वेगळीच आहे. बरेच जण एखाद्या नावाजलेल्या डब्याची मापं टेपने घेतात आणि आत हाताला लागेल तो ड्रायव्हर बसवतात. म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल उचलून आपल्या मशीनवर टाकण्यासारखं. चाललं तर नशीब.

डबा ड्रायव्हरवरून ठरतो, उलट नाही. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित मांडलं. तोवर सगळा अंदाजपंचे कारभार होता. आज कुठल्याही बऱ्या ड्रायव्हरच्या डेटाशीटवर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे मिळतात. ज्याच्या कागदावर हे नाहीत तो ड्रायव्हर घेऊच नका. ढोबळमानाने क्यूटीएस ०.३ ते ०.४ असेल तर पाइपवाला डबा जमतो, ०.५ च्या वर गेला तर बंद डबा बरा. बाकी हिशेब विनआयएसडी हे फुकटचं सॉफ्टवेअर करून देतं.

पण एकदा तरी हाताने करून बघा, मजा येते. समजा डबा ६० लिटरचा आहे आणि तो ४५ हर्ट्झला लावायचाय. १० सेंटिमीटर व्यासाचा एक पाइप घेतला तर लांबी येते साधारण १२ सेंटिमीटर. छान. पण जोरात वाजवलं की एवढ्याशा भोकातून हवा फुसफुसते. मग वाटतं, दोन पाइप लावू. तर प्रत्येकाची लांबी निम्मी होत नाही, उलट ३१ सेंटिमीटर होते! कारण भोक मोठं झालं की तोच सूर राखायला आतली हवेची दांडी लांब लागते. आणि ते पाइप स्वतःच सहाएक लिटर जागा खातात, म्हणजे डबा तेवढा वाढवा. शिवाय पाइपच्या आतल्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत निदान व्यासाइतकं अंतर हवं. नाही बसत? प्लंबरच्या दुकानातला एल्बो जोडा. हे सगळं साध्या चार इंची पीव्हीसीत होतं.

लाकडाबद्दल लोक फार हळवे होतात. 'अमुक लाकूड बोलतं' वगैरे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा बोलतो, बोलायलाच हवा. स्पीकरच्या डब्याने मात्र गप्प बसायचं असतं. भिंती थरथरल्या तर तो आवाज बेसमध्ये मिसळतो आणि सूर गढूळ होतो. म्हणून चांगला १८ एमएम प्लाय. किंवा, मला जास्त आवडणारा मार्ग, १२ एमएम प्लाय आणि आतून आडवे-उभे टेकू. अशा ६० लिटरच्या डब्यात चारेक किलो वाचतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना ते चार किलो फार महत्त्वाचे असतात. आमच्या मिस्त्रींना टेकूचा प्रकार पटायला वेळ लागला. "आत कुणाला दिसणार साहेब, कशाला एवढी मेहनत?" मग बिनटेकूच्या फळीवर आणि टेकू लावलेल्या फळीवर बोटाने टकटक करून दाखवलं. पुढचे टेकू त्यांनी न सांगता लावले, तेही माझ्यापेक्षा नीट.

एमडीएफ मात्र नको. जड असतो आणि आपल्या पावसाळ्यात कडेने फुगतो.

वायरिंगमध्ये फार काही नाही. गिटारची केबल स्पीकरला वापरायची नाही, साध्या जॅकऐवजी स्पीकॉन लावायचा, आणि आठ ओहमचे दोन डबे जोडले की चार ओहम होतात हे अँपला चालतंय का ते आधी बघायचं. आणि हो, पाइपवाला डबा त्याच्या सुराच्या खाली वाजवला तर कोनला मागून हवेचा आधार राहत नाही, तो नुसता आतबाहेर हेलपाटतो आणि एक दिवस फाटतो. अँपमध्ये हायपास फिल्टर असेल तर तो चालू ठेवा, नसेल तर वेगळा घ्या. पाच तारांच्या बेसवाल्यांनी हे दोनदा वाचावं. तुमची बी तार ३१ हर्ट्झची आहे.

शेवटचा मुद्दा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. फोनवरच्या डेसिबल मीटरवर विसंबू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, पण ते डेसिबल 'ए' पद्धतीचे, आणि ती पद्धत ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करते. मीटरवर तुम्ही सज्जन दिसता आणि खालच्या काकूंच्या कपाटातली भांडी वाजत असतात. डबा जमिनीवरून उचलून जाड फोमवर ठेवला तर थोडा फरक पडतो. डबा बनवून झाला की आधी खाली जाऊन काकूंना वर बोलवा, ई तार वाजवून दाखवा आणि कुठल्या वेळेला चालेल ते विचारा. आमच्याकडे रविवारी अकरा ते एक असं ठरलंय. दिवाळीच्या आठवड्यात एक वाढीव शनिवार.