कोवळ्या हापूसची घाई

चढ्या भावासाठी कोवळा हापूस विमानाने युरोपला धाडण्याची घाई यंदाही सुरू झाली आहे. ती थांबलीच पाहिजे. मार्चअखेर पेरू देशाचा आंबा तिथे सरत येतो, आयव्हरी कोस्टचा 'केन्ट' जहाजांनी यायचा असतो. मधली फट मोहात पाडणारी, हे मान्य.

पण निर्यातीआधीच्या उष्णजल प्रक्रियेत ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवल्याने फळमाशी मरते, अपुरी वाढ भरून निघत नाही. असे फळ सुरकुततच पिकते. फसलेला ग्राहक मग मेमधल्या अस्सल हापूसकडेही फिरकत नाही. स्वस्त, बिनरेषांचा केन्ट त्याला पुरतो. भुर्दंड मात्र धीर धरणाऱ्या बागायतदाराला.

फळमाशीमुळे युरोपने २०१४मध्ये हापूसवर घातलेली बंदी निर्यातदार विसरलेले दिसतात. कृषी पणन मंडळाने उष्णजल प्रक्रियेआधीच पक्वता तपासावी आणि कोवळी पेटी तिथूनच परत पाठवावी, निर्यातदार कितीही बडा असो.